ऐकतानाचे आबा, बोलतानाचे आबा

आमच्या आबांना समोरून बघायला मिळतं ते फक्त ते स्वतः बोलत असतील तेव्हाच. आपण बोलायला लागलो की लगेच मान डावीकडं वळते आणि उजवा कान पुढं येतो, कारण डाव्या कानानं गेली दहा-बारा वर्षं जवळपास काहीच ऐकू येत नाही. (कानाचं मशीन आणलंय, कपाटात डबीत आहे, तो विषय घरात काढायचा नाही.) मग आपलं बोलणं संपलं की आबा परत समोर. म्हणजे एका मिनिटात चेहरा चार वेळा फिरतो, आणि मी पॅड घेऊन बसलेली, नाकाची लांबी मोजायला पेन्सिल धरलेली.

गेल्या उन्हाळ्यात ठरवलं होतं की आबांचं एक नीट पोर्ट्रेट करायचं, चारकोलमध्ये (कोळशाच्या कांडीनं), हाफ इम्पिरिअल कागदावर, म्हणजे मोठ्या ड्रॉइंग कागदाच्या अर्ध्यावर. ते कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या सोप्यात (पुढच्या पडवीत) खुर्चीत बसतात, डाव्या हाताला भिंत, उजवीकडून दाराचा उजेड, पोर्ट्रेटला याहून चांगला उजेड शोधून सापडायचा नाही. आणि डोकं तर काय सांगू. जुने पैलवान आहेत. दोन्ही कान मोडलेले, कपाळावर एक आडवी खूण, मान अजून खांबासारखी. सलग चार दिवस बसले आणि चारही कागद फाडले. प्रत्येक कागदावर अर्धा चेहरा एका क्षणाचा आणि अर्धा दुसऱ्या क्षणाचा होत होता आणि मी ते सारखं खोडत होते.

एक सांगायला पाहिजे, मी शिकले ते पूर्ण मोजमापाच्या पद्धतीनं. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर, चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांची, दोन डोळ्यांच्या मधे एक डोळा. कोल्हापुरात हे असंच असतंय, हे पोर्ट्रेटचं गाव आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री ही चित्रकारांची नावं ऐकत आम्ही मोठे झालो, चित्रकार म. वि. धुरंधरांचा जन्मसुद्धा इथलाच, १८६७ चा, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंच्या संग्रहालयात पावडर शेडिंगची (पावडर घासून छटा दिलेली) चित्रं बघून तर मी लहानपणी घरातली पावडर संपवली होती. इथं चित्राला एकच शब्द लागतो, हुबेहूब. तो शब्द मला आजही प्रिय आहे आणि त्या शिकवणीबद्दल मनात फक्त कृतज्ञता आहे, कारण मोजायला आलं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं.

पाचव्या दिवशी कागद फाडायच्या ऐवजी नुसती बघत बसले. आबा शेजारच्या काकांशी बोलत होते. ऐकताना, बोलताना, ऐकताना, बोलताना. आणि लक्षात आलं की हे दोन वेगळे चेहरे आहेत. बोलणारे आबा रुंद, भुवया वर, हनुवटी पुढं, तालमीत पोरांना दम देणारे. ऐकणारे आबा एकदम हळवे, डोळा जमिनीकडं, तोंड किंचित उघडं, सगळं लक्ष कानात गोळा झालेलं. यातला एकच चेहरा काढला तर घरातलं कुणीही म्हणेल की हो, आबाच आहेत, पण मला ते अर्धेच आबा वाटणार होते.

तेव्हा मला क्यूबिझम आठवला. इतकी वर्षं तो माझ्यासाठी परीक्षेचा प्रश्न होता, पिकासो आणि ब्राक हे चित्रकार, १९०७-०८ च्या सुमाराला पॅरिसमध्ये सुरुवात, वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवणे, पाच मार्क. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की अरे, हे कुणीतरी गरज पडली म्हणून शोधलेलं असणार.

मग परत सगळी चित्रं काढून बघायला लागले, फोनवर झूम करकरून. सगळ्यात जास्त वेळ थांबले पिकासोनं १९१० साली केलेल्या कानवायलरच्या पोर्ट्रेटवर. दानिएल-हेन्री कानवायलर हा पॅरिसमधला चित्रं विकणारा माणूस, त्याच्याच गॅलरीत १९०८ ला ब्राकचं प्रदर्शन लागलं होतं आणि ते बघून लुई व्होसेल नावाच्या समीक्षकानं 'क्यूब' हा शब्द वापरला, तिथून पुढं ते नाव चिकटलं. कानवायलरचं ते पोर्ट्रेट आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पहिल्यांदा बघितलं तर तपकिरी-करड्या तुकड्यांचा नुसता ढीग दिसतो. मग हळूच वर केसांची एक लाट सापडते, मधे कुठंतरी घड्याळाची साखळी, आणि अगदी खाली एकमेकांत गुंतवलेले हात. एवढ्या तीन-चार खुणांवर तो माणूस खुर्चीत बसलेला दिसायला लागतो आणि एकदा दिसला की परत तो ढीग दिसत नाही. मी दोन दिवस तेच करत होते, डोळे मिटायचे, उघडायचे, आणि बघायचं की आधी काय सापडतंय. दर वेळी हात.

आणि पिकासोनंच केलेलं गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेचं पोर्ट्रेट, १९०५-०६ मधलं. ते क्यूबिस्ट नाही, पण क्यूबिझमच्या उंबऱ्यावरचं आहे. ती ऐंशी-नव्वद वेळा बसली होती असं तिनं स्वतःच सांगितलंय. एवढं बसवून शेवटी पिकासोनं चेहरा पुसून टाकला, उन्हाळ्यात स्पेनमधल्या गोसोल गावी गेला, आणि परत आल्यावर ती समोर नसताना आठवणीतून चेहरा घातला. मला ही गोष्ट माहीत होती पण पटली आत्ता. आबांना मी तीस वर्षं बघतेय. समोर बसवून मोजायची गरज जिथं आहे तिथं मोजायचं, पण चेहऱ्याचा खरा साठा आपल्याकडं आधीच असतोय.

(जाता जाता, पिकासोला नीट काढता येत नव्हतं म्हणून तो असं काढायचा, हे ज्यांना वाटतं त्यांनी त्यानं १८९७ साली, पंधरा वर्षांचा असताना केलेलं 'सायन्स अँड चॅरिटी' बघावं. आजारी बाई, डॉक्टर, बाळाला घेतलेली नन. आमच्या सरांनीसुद्धा पैकीच्या पैकी दिले असते.)

आता प्रत्यक्ष काम कसं केलं ते सांगते, कारण हे कुणी नीट सांगत नाही, सगळे म्हणतात चेहऱ्याचे तुकडे करा आणि जोडा. तसं अजिबात नाही. माझा पहिला कागद तसाच झाला, साधं पोर्ट्रेट काढलं, त्यावर पट्टीनं तिरप्या रेषा मारल्या, चौकोन-त्रिकोण गडद-फिकट केले. फुटलेल्या काचेतून बघितल्यासारखं दिसत होतं. कारण बघणं एकाच जागेवरून झालं होतं, फोडणं नंतर झालं. काच फुटली म्हणून आबांची दुसरी बाजू थोडीच दिसणार आहे.

मग मी आठ लहान कागद घेतले आणि आठ दिवस रोज एकच स्केच केलं, पंधरा मिनिटांत. ऐकताना बाजूनं. बोलताना समोरून. पेपर वाचताना वरून, तेव्हा टाळू आणि भुवयाच दिसतात. पाठीमागून मान, तिच्यावरच्या दोन घड्या. चहा पिताना खालून, मी पायरीवर बसले होते. नुसते हात, गुडघ्यावर पंजा पालथा ठेवायची त्यांची सवय आहे. झोपेत तोंड. आणि एक कागद फक्त कानाचा, त्याच्याबद्दल पुढं सांगते. प्रत्येक वेळी मोजमाप पक्कं, अगदी शिकवल्यासारखं.

ते आठही कागद खिडकीच्या काचेला लावून ट्रेसिंग पेपरवर एकावर एक उतरवले आणि तिथं मजा सुरू झाली. बाजूच्या चेहऱ्याची जी बाहेरची रेघ असते, कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, ती रेघ समोरच्या चेहऱ्याच्या बरोबर मधोमध बसते. म्हणजे एकच रेघ दोन कामं करते, इकडून बघितलं तर बाजूचा चेहरा संपतो तिथं, तिकडून बघितलं तर समोरच्या चेहऱ्याचं नाक. पिकासोनं १९३२ च्या 'गर्ल बिफोर अ मिरर'मध्ये हेच केलंय, एका चेहऱ्यात दोन. मला वाटतं हे शिकणाऱ्यानं पहिल्यांदा हीच रेघ शोधावी. ती सापडली की बाकीचे तुकडे आपोआप जागा मागायला लागतात. ती सापडली नाही तर कितीही तुकडे करा, चित्र उभं राहत नाही.

दुसरी गोष्ट कडा. आम्हाला शिकवलेलं असतं की आकार बंद करा. इथं उलटं. सेझान या आधीच्या फ्रेंच चित्रकाराकडून क्यूबिस्टांनी घेतलेली युक्ती अशी की आकाराची एक कड मुद्दाम उघडी सोडायची, म्हणजे गालाचा रंग सरळ मागच्या भिंतीत वाहत जातो आणि भिंत खांद्यात येते. मी जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं चारकोल ओढून हे केलं. आणि उजेड एकाच दिशेनं ठेवायचा नाही, प्रत्येक तुकड्याला आपली एक गडद बाजू द्यायची आणि ती विरत न्यायची. हे हाताला बसायला फार वेळ लागला. यासाठी मी चक्क अंबाबाईच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती बघत बसायचे सकाळी. त्या भिंती सरळ नाहीतच, सगळीकडं कोन, एक बाहेर एक आत, काळा दगड, आणि सकाळचं ऊन आलं की एक पट्टा उजळ, त्याला चिकटून एक काळा, परत एक उजळ. आयुष्यभर प्रदक्षिणा घातल्या आणि कधी त्या कोनांकडं बघितलं नव्हतं. घरी येऊन आबांच्या गालाचे कोन तसे लावले.

सुरुवात करणाऱ्यांनी पिकासोच्या ऐवजी हुआन ग्रिस हा क्यूबिस्ट चित्रकार बघावा असं माझं मत आहे. त्यानं १९१२ मध्ये पिकासोचंच पोर्ट्रेट केलंय, तेही शिकागोलाच आहे. हातात पॅलेट, निळा-करडा थंड रंग, आणि सगळं तिरप्या रेषांच्या एका जाळीत बसवलेलं. ग्रिस माद्रिदला तांत्रिक ड्रॉइंग शिकलेला, त्यामुळं त्याचा प्रत्येक कोन कुठून आला ते कळतं आणि चेहरा हरवत नाही.

रंगाचं सांगायचं राहिलं. पिकासो-ब्राकच्या १९१०-११ च्या चित्रांमध्ये रंग फारच कमी असतो, तपकिरी, करडा, पिवळसर माती. मला वाटलं हा तर आखाड्याचा रंग. तालमीतल्या तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद घालतात, तिला एक वेगळाच ओलसर रंग येतो. चुलतभावाकडून मूठभर माती मागवली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि कागदावर लावली, तर दुसऱ्या दिवशी तेलाचा डाग पसरून कागद पारदर्शक झालेला. तो कागद गेला. मग बर्न्ट सिएना आणि यलो ओकर हे मातकट रंग मिसळून तोच रंग जुळवला, पण मातीची वाटी शेजारी ठेवली होती, बघायला आणि वासाला.

हे सगळं चालू असताना आबा काय म्हणत होते? पहिल्यांदा काहीच नाही. मग एक दिवस म्हणाले, "काय करालैस गं पोरी, रोज एक कागुद?" मी सांगितलं की आबा, तुम्हाला सगळ्या बाजूंनी एकदमच काढालोय. मला वाटलं आता हसतील. तर म्हणाले, "मग त्यात काय. खासबागेत पुढची जागा कुठली आन् मागची कुठली, गोल हाय ते. एकजण पाठ बघतोय तवा समोरचा छाती बघत असतोय. कुस्ती एकच."

मी लिहून ठेवलं ते लगेच. कारण बघा, शाहू महाराज रोमचं कलोसियम बघून आले आणि खासबाग कुस्ती मैदान बांधायला घेतलं १९०७ ला, खुलं झालं १९१२ ला. आणि पिकासोनं आविन्योंच्या पाच बायकांचं, क्यूबिझमची सुरुवात मानलं जाणारं ते चित्र केलं १९०७ ला, ग्रिसचं पोर्ट्रेट १९१२ चं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, मला माहितीये. पण पॅरिसमध्ये एका चेहऱ्याभोवती फिरून बघायचं चाललं होतं त्याच पाच वर्षांत आमच्या गावात हजारो माणसं दोन पैलवानांना चारी बाजूंनी एकाच वेळी बघू शकतील अशी जागा उभी राहत होती, हे मला फार आवडलं. आबा तिथल्या मातीच्या हौद्यात लढलेत. त्यांना क्यूबिझम समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि आपल्याला तरी कुठं असते. सोप्यात दत्ताची तसबीर आहे, मधला चेहरा समोर, दोन बाजूंना वळलेले, नृसिंहवाडीहून आणलेली, घरात कुणी कधी विचारलं नाही की एका धडाला असं कसं. जुन्या जैन पोथ्यांमधली चित्रं बघा, कल्पसूत्राची, चेहरा वळलेला आणि पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर हवेत, कारण डोळे दोन आहेत तर दोन्ही दिसले पाहिजेत. पिंगुळीच्या चित्रकथीत (चित्रं दाखवून गोष्ट सांगायची कला) चेहरा बाजूनं पण डोळा भला मोठा, आपल्याकडं बघणारा. हे क्यूबिझम नाही, कारणं वेगळी आहेत, पण डोळ्याला सवय आहे आपल्या.

चित्र जूनच्या शेवटी पूर्ण झालं. मधोमध ती दुहेरी रेघ, उजवीकडं बोलणाऱ्या आबांची वर गेलेली भुवई, डावीकडं ऐकणाऱ्या आबांचा झुकलेला डोळा, वर टाळूचा एक तुकडा, खाली गुडघ्यावरचा पंजा, आणि उजवा कान सगळ्यात मोठा. जवळपास तळहाताएवढा. पैलवानाचा कान म्हणजे काय असतंय ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, सारखा मार आणि घासणं बसून कानाच्या कुर्च्यावरचं (आतल्या मऊ हाडावरचं) आवरण सुटतं, मधे रक्त साठतं, कुर्च्याला रक्तपुरवठा मिळत नाही आणि मग ते सगळं तसंच घट्ट होऊन बसतं. गाठी, खड्डे, वळ्या. काढायला इतका सुंदर आकार मी दुसरा बघितलेला नाही, तो निसर्गतःच क्यूबिस्ट आहे. डावा कान मी एका लहान राखाडी तिकोनात ठेवला होता, अगदी कडेला. विचार करूनच ठेवला होता, ऐकू येत नाही त्या बाजूनं, म्हणून तो विरत गेलेला.

आईनं बघितलं आणि म्हणाली नाक जरा जास्त झालंय, पण बघणं मात्र आबांचंच आहे. आत्या फोनवर बघून रडली. शेजारचे काका बराच वेळ बघत राहिले आणि मग गुडघ्यावरच्या पंजावर बोट ठेवून म्हणाले, आबा.

आबांनी चित्र दोन्ही हातांत धरून लांब नेलं, जवळ आणलं. भुवई ओळखली, टाळू ओळखला. मग विचारलं, "डावा कान कुठाय?"

मी दाखवला. म्हटलं, त्यानं ऐकू येत नाही ना तुम्हाला, म्हणून लहान केलाय. मोठ्यानं सांगितलं, उजव्या बाजूला वाकून.

आबा बोलले नाहीत. डाव्या कानाला हात लावला, अंगठ्यानं वरची गाठ चाचपली. म्हणाले, "आरं, ह्योच पयला मोडला. अठरा वर्साचा असताना. वस्तादांनी हितं बोट लावून बघितलं आन् म्हणाले आता झालास पैलवान. उजवा लई नंतरचा."

तीस वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. आणि मग माझे आठ कागद परत काढून बघितले, एकामागून एक, तर आठही उजवीकडून. समोरचासुद्धा किंचित उजवीकडूनच. पाठीमागचीसुद्धा. घरातलं प्रत्येक माणूस आबांच्या उजव्या बाजूला बसतं, कारण तिथून बोललेलं ऐकू जातं, डावीकडं भिंत आहे, खुर्चीची जागा वर्षानुवर्षं तीच. मी सगळ्या बाजूंनी म्हणत होते आणि एक अख्खी बाजू मी कधी बघितलीच नव्हती. आबांनी सांगितलेलं खासबाग मी अर्धंच भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भावाला हाताशी घेऊन खुर्ची भिंतीपासून चार फूट पुढं ओढली. आबांना आवडलं नाही, पण बसले. मी भिंतीला पाठ लावून पाटावर बसले, डावीकडं, थोडं खाली. तिथून त्यांच्याशी बोलता येत नाही. मी काय म्हणतेय ते त्यांना कळत नाही आणि मी तिथं आहे हेही थोड्या वेळानं ते विसरतात. त्यामुळं मान वळत नाही. ऐकणं नाही, बोलणं नाही, दाराकडं बघत नुसते बसलेले आबा, जबडा सैल, आणि त्या कानाच्या वरच्या गाठीवर दाराच्या उजेडाची बारीक कड मागून आलेली.

नवीन कागद लावलाय, फुल इम्पिरिअल. आज चौथा दिवस, अजून फक्त कानच चाललाय.